पडद्यावरचे चार अंश

अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या ऑफिसच्या खाली पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. दिवसभर खालून मोटारी तपासल्याचा आवाज येत असे. जेवणानंतर मात्र दुकानदार काही वेळ मोटार लावत नसे, कारण त्या वेळी वर गावंडेभाऊंचं वाचन चाले. हे त्याला भाऊंनी स्वतः खाली जाऊन, त्याच्याबरोबर चहा पिऊन सांगितलं होतं. "वरतं पोथी असते का?" असं त्यानं मला एकदा जिन्यात विचारलं. मी हो म्हटलं. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

पोथी म्हणजे स्पेसिफिकेशन. मोठ्या कामांसाठी जे सर्व्हर असतात, त्यांच्या आत चालणाऱ्या लहान लहान घटकांनी काय करावं आणि काय करू नये, याचे नियम इंग्रजीत लिहिलेले जाडजूड ग्रंथ असतात. ते सहसा कोणी सलग वाचत नाही. काम अडलं की तेवढी ओळ शोधायची आणि पुढं जायचं, अशी रीत आहे. गावंडेभाऊ, आमचे सगळ्यांत जुने प्रोग्रॅमर, सलग वाचत. झेरॉक्सच्या दुकानातून छापून, स्पायरल लावून आणलेले चार ग्रंथ त्यांच्या टेबलावर असत, आणि त्यांच्यावर एकही खूण नसे. ओळीखाली रेघ मारली की बाकीच्या ओळी वाचायच्या राहतात, असं ते म्हणत.

मी इंग्रजीची एम.ए. कंपनीनं मला घेतलं होतं ते गिऱ्हाइकांसाठी माहितीपुस्तिका लिहायला. भाऊंनी पहिल्याच आठवड्यात मला वाचनाला बसवलं. मी एक वाक्य इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं. ते डोळे मिटून ऐकत आणि मग तेच वाक्य वऱ्हाडीत सांगत. वऱ्हाडीत सांगता आलं नाही तर ते समजलेलं नाही, असं धरून पुन्हा वाचायचं.

"वाच वं बाई," ते म्हणत. "आन् घाई नको करू. लिवनाऱ्यानं घाई केली नाही, त आपन काहून करावं?"

ते मूळचे भातकुलीचे. उंच, किंचित वाकलेले, चष्म्याला मागून काळा दोरा बांधलेला. उन्हाळ्यात डोक्याला पांढरा दुपट्टा आणि पँटच्या खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून असा कांदा आमच्याकडे पुष्कळ जण ठेवतात, पण भाऊ पहिला पाऊस पडून गेल्यावरही तो काढायला विसरत, आणि मग चाव्या शोधताना सगळ्या ऑफिसला वास येई. प्रेशर कुकर घेतला तेव्हा त्याच्याबरोबर आलेली पत्रिका त्यांनी शिट्टीच्या भागापर्यंत वाचून वहिनींना सांगितली होती, आणि तोवर वहिनींनी त्यातच डाळ शिजवून घेतली होती. ही गोष्ट ते स्वतःच सांगत.

नियमाचं वाक्य आलं की भाऊ दोन प्रश्न विचारत. हे कोनाले सांगतलं? आन् कोन जळलं असन, तवा सांगतलं?

दुसरा प्रश्न कुठून आला, हेही त्यांनी एकदा सांगितलं. शिकायला अमरावतीत आले तेव्हा ते एका घरात भाड्याची खोली घेऊन राहत. दारावर पाटी होती, खोलीत स्टोव्ह आणू नये. भाऊंना बाहेरचं जेवण सोसत नव्हतं. आपण नीट काळजी घेऊ, मग एवढी सक्ती कशाला, असं विचारायला ते घरमालकाकडे गेले. "तो म्हतारा काहीच बोल्ला नाही," भाऊ म्हणाले. "सदऱ्याची बाही वरतं केली, आन् हात दाखोला. खांद्यापावतर जळेल. पह्यल्या भाडेकऱ्याचा स्टोव्ह फुटला होता, त्याले वाचवाले गेलता. पाटीवर थो हात नाही काढता येत ना बाई. मनून फक्त 'आणू नये' लिवलं."

नियमाच्या शेजारी त्याचं कारण लिहिलेलं नसतं, ते कोणीतरी बसून शोधावं लागतं, आणि त्यासाठीच आपण बसलो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा शोध नेहमी गंभीर असे असं नाही. अकोल्याच्या रक्तपेढीचं काम मिळालं तेव्हा जागा पाहायला आम्ही एसटीनं निघालो होतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी होती, वाहनचालकाशी बोलू नये. भाऊ मागून म्हणाले, "हे कोनाले सांगतलं? प्रवाशाले. ड्रायव्हरले कोनी मना केलं नाही. बोला ड्रायव्हरभाऊ, आमी नुस्तं आयकतो."

ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "मी बोल्लो त तुमी हो मनसान. मंग झालंच ना बोलनं."

"आमी मान हालवतो."

"मंग मले आरशात पाहा लागन. आन् समोरून टरक आला त?"

सगळी बस हसली. कंडक्टरनं भाऊंना "बसा काका खाली" म्हटलं, आणि बडनेऱ्याचा फाटा मागं पडेपर्यंत भाऊ स्वतःशीच हसत होते.

रक्तपेढी एका ट्रस्टची होती. रक्ताच्या पिशव्या ठेवण्याचे फ्रिज होते. प्रत्येकात तापमान मोजणारी एक सळई, तिची वायर बाहेरच्या एका डब्यात जाई, आणि डब्यातले आकडे आमच्या सर्व्हरनं वाचायचे होते. रक्त दोन ते सहा अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे. पारा त्याच्या बाहेर गेला की टेबलावरचा भोंगा वाजावा आणि पडद्यावर तो फ्रिज लाल दिसावा, एवढं साधं काम.

अडचण डब्याची होती. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. डब्याशी बोलायला तिनं सी भाषेत लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, तेवढी मागं ठेवली होती, आणि तिच्या आत काय आहे ते कोणालाच पाहता येत नव्हतं. अशा थेट यंत्राशी बोलणाऱ्या कोडला नेटिव्ह कोड म्हणतात. आमचा सर्व्हर जावा भाषेतला. त्याच्या आतल्या घटकाचं काही चुकलं तर सर्व्हर त्याला सावरतो, चूक नोंदवतो आणि बाकीच्यांचं काम चालू ठेवतो. नेटिव्ह कोड चुकला तर सावरणारं कोणी नसतं. आणि पोथीत स्पष्ट होतं की सर्व्हरच्या आतल्या घटकानं नेटिव्ह लायब्ररी लोड करू नये.

सरळ वाट होती. त्या लायब्ररीसाठी सर्व्हरच्या बाहेर एक वेगळा लहान प्रोग्रॅम चालवायचा आणि त्यानं आकडे आणून द्यायचे. पण त्यात आणखी काही आठवडे जाणार होते, आणि कंपनीचे मालक अविनाशराव उद्घाटनाची कार्डं छापून बसले होते. ते वाईट मनुष्य नव्हते. पगार वेळेवर देत आणि भाऊंचा मान ठेवत. रोज येऊन भाऊंच्या टेबलापाशी उभे राहत आणि विचारत, "पोथी काय मनते?"

त्या आठवड्यात आम्ही तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. एका दुपारी मी वाक्य संपवलं आणि भाऊंनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर बसमधलं हसू होतं.

"बाई, सांगतलं कोनाले?"

"घटकाला."

"भाडेकऱ्याले. घरमालकाले नाही सांगतलं. घरमालकानं सोताच्या सैपाकघरात स्टोव्ह ठेवला, आन् भाडेकऱ्यानं नुस्ता चहा मांगतला, त नियम कुठी मोडला?"

म्हणजे असं, की सर्व्हर सुरू होतानाच त्यानं स्वतः ती लायब्ररी लोड करून ठेवायची. घटकानं तिला हात लावायचा नाही, फक्त आकडा मागायचा. अक्षर न् अक्षर पाळलं जात होतं. मीही पान पुन्हा वाचलं आणि मला त्यात खोट सापडली नाही. अविनाशरावांनी पेढे मागवले. भाऊंनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून वहिनींसाठी खिशात ठेवला, आणि तो कांद्याच्या वासाचा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी हळहळले.

उद्घाटनाआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवायला आम्ही अकोल्याला गेलो, तेव्हा नसरीन पहिल्यांदा भेटली. ती तिथली तंत्रज्ञ, रोज बाळापूरहून बसनं येणारी. बाकीचे मान डोलवत होते. ती कमरेवर हात ठेवून पडद्याकडे पाहत होती.

"साहेब, एक इचारू? हेच बंद पडलं, त मले कसं समजन?"

"बंद पडलं त पडदाच सांगन ना," भाऊ म्हणाले.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. त्यानंतर ट्रस्टनं फ्रिज उघडून पारा पाहण्याची जुनी पद्धत बंद केली. पडदा होता ना.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

पुढच्या मे महिन्यात, अकोल्यात ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसू नये, तेव्हा रक्तपेढीची वीज गेली. जनरेटर लगेच लागला, पण त्या झटक्यात एका फ्रिजचा खटका पडला आणि तो बंदच राहिला. संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या माणसानं फ्रिज उघडला तेव्हा आत गार काहीच नव्हतं. सगळ्या पिशव्या फेकाव्या लागल्या. त्यात काही अशा गटाच्या होत्या, ज्या पुन्हा मिळवायला शिबिरं घ्यावी लागतात. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका मुलीला घेऊन बाप मूर्तिजापूरकडच्या खेड्यातून आला होता. रक्त नाही म्हणून दोघांना दुसरीकडे पाठवलं. ती मुलगी पुढं बरी होती, हे आम्हाला नंतर कळलं. कळेपर्यंत भाऊ रोज विचारत.

त्या दिवशी पाळी नसरीनची होती. ती एकच गोष्ट सांगत होती. मी दिवसभर पडदा पाहत होते, त्यावर चार अंश होते, हिरवे. भोंगा वाजला नाही. ट्रस्टनं आमच्याकडे विचारणा केली. भाऊ तेव्हा पुतण्याच्या लग्नासाठी भातकुलीला होते. ऑफिसातल्या कोणीतरी अमरावतीत बसूनच सर्व्हर पाहिला, तो अडकल्यासारखा वाटला म्हणून पुन्हा सुरू केला, आणि अविनाशरावांनी कळवलं की यंत्रणा नीट चालू आहे. ट्रस्टनं नसरीनला घरी बसवलं. खोटं बोलते, असं ठरलं.

भाऊ परतले, कोणीतरी त्यांना हे सगळं गमतीनं सांगावं तसं सांगितलं, आणि ते खुर्चीवर बसता बसता थांबले.

"सर्व्हर अडकेल होता, मनजे पडेल होता?"

"तसंच काहीतरी. चालू केला अन् झाला."

भाऊंनी त्या दिवशी वाचन केलं नाही. तसाच एक जादा डबा, सळईसकट, आमच्याकडे तपासणीसाठी होता. तो त्यांनी टेबलावर मांडला, सर्व्हर सुरू केला, पडद्यावर आकडे आले. मग त्यांनी सळईची वायर अर्धवट सैल केली, विजेच्या झटक्यात बिघडतो तसा आकडा बिघडावा म्हणून. डब्यातून एक वेडावाकडा आकडा गेला. लायब्ररीला तो झेपला नाही. ती पडली, आणि ज्या सर्व्हरच्या पोटात ती होती तो सर्व्हर पूर्ण घेऊन पडली. भोंगा वाजवणारा घटक त्याच सर्व्हरमध्ये होता. तोही गेला.

पडद्यावर शेवटचा आलेला आकडा तसाच राहिला. चार. हिरवा.

भाऊ त्या चारकडे पाहत बसले. खालून मोटारीचा आवाज येत होता. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"घरमालकाच्या सैपाकघरात फुटला," ते म्हणाले. "घर त तेच ना बाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळापूरला गेलो. नसरीनचे वडील सतरंज्या विणतात. दारातच माग होता, आणि त्यांनी आम्हाला पाहून हात थांबवला नाही. नसरीन आतून आली, भाऊंना ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. तिच्या आईनं म्हटलं.

"पोरी," भाऊ म्हणाले, "तू खरं बोल्ली. पडद्यावर चारच होते."

"मले मालूम हाय मी खरं बोल्ली. तुमी मले काहून सांगता? त्याइले सांगा."

"सांगतो. त्याच्या आंधी तुले सांगाले आलो. चूक माह्यी हाय."

"तुमी मनले होते, बंद पडलं त पडदा सांगन."

"मनलो होतो."

"मी ते धरून बसली, साहेब." तिचा आवाज चढला नव्हता. "इथं लोकं काय मनतात माहीत हाय? रक्त खराब करनारी पोट्टी. शेजारची बाई अब्बाले इचारते, नसरीन नीट पाहत नसन का? नीट. मी त्या पडद्याकडून नजर काढली नाही, जेवाले गेली नाही."

मागाचा आवाज थांबला. तिचे वडील म्हणाले, "साब, आप बड़े लोग हैं। आज बोलके जाते, कल भूल जाते।"

"मी मोठा नाही," भाऊ म्हणाले. चहा आला, तो आम्ही प्यालो, आणि बसस्टँडकडे निघालो.

अविनाशरावांना त्यांनी सगळं सांगितलं. अविनाशरावांचं म्हणणं असं, की दुरुस्ती गुपचूप करून टाकू आणि त्या मुलीला दुसरीकडे कुठं चिकटवून देऊ, माझी ओळख आहे. "भाऊ, काम जाईन आपलं. या ऑफिसात बसेल पोट्ट्याइचं काय करू मी?"

"तिच्या खोटेपनाचं काय करता?"

"कोनत्या खोटेपनाचं?"

"जे आपन तिच्या नावावर लिवलं."

ट्रस्टच्या मंडळींनी वेळ द्यायला पावसाळा घालवला. तोवर दर पाळीला फ्रिज उघडून पारा पाहत जा, एवढं भाऊंनी तिथल्या तंत्रज्ञांना फोनवर सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी अविनाशरावही आले होते. अध्यक्ष एक वयस्क डॉक्टर होते. भाऊंना भाषण येत नसे. त्यांनी नसरीनलाही बोलवा म्हटलं, ती दारात उभी राहिली. मग त्यांनी एका रिकाम्या फ्रिजची सळई बाहेर काढली आणि स्वतःसाठी आलेल्या गरम चहाच्या कपात बुडवली. पडद्यावरचा आकडा चढला, लाल झाला, भोंगा वाजला. डॉक्टर म्हणाले, "चालतंय की हे."

"थांबा, साहेब," भाऊ म्हणाले.

सळई पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली. आकडा हळूहळू चारवर आला. तोवर डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग भाऊंनी वायर सैल केली आणि पुन्हा नीट लावली. पडद्यावर काहीच हललं नाही. त्यांनी सळई काढली, दुसरा चहा मागितला, आणि तिला त्यात उभी केली. कपातून वाफ निघत होती. पडद्यावर चार होते. हिरवे. भोंगा गप्प होता.

डॉक्टर एकदा कपाकडे आणि एकदा पडद्याकडे पाहत होते.

दारातून नसरीन म्हणाली, "मी हेच सांगून राह्यली होती."

"हे काम कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं.

अविनाशराव काहीतरी बोलू लागले, त्याआधी भाऊ म्हणाले, "म्या. पुस्तकात मना करेल होतं. म्या त्यातून वाट काढली. कोनी मले सांगतलं नव्हतं. हुशारी माह्यीच होती."

नसरीनला परत घेतलं. कंपनीचं काम गेलं, पण दुरुस्ती गावंडेंनीच करावी असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊंनी त्यानंतर आमच्याकडची नोकरी सोडली. अविनाशरावांनी त्यांना थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. जाताना भाऊंनी चारही ग्रंथ माझ्या टेबलावर ठेवले.

अधूनमधून मी त्यांच्याकडे जात असे. ते जुनी कामं आठवून एकेक तपासत बसलेले असत. कुठं आपण अशीच वाट काढली होती का, कुठं कोणाच्या पडद्यावर असा हिरवा आकडा थांबून राहील का. जेवताना मध्येच उठत. वहिनी मला म्हणाल्या, "आता कुकरचं बी वाचत नाईत ते." एकदा त्यांनी मला विचारलं, "म्या पह्यला प्रश्न इचारला. दुसरा काहून नाही इचारला वं? रोज इचारत होतो ना?"

मी म्हटलं, कार्डं छापली होती, घाई होती.

"नाही. वाट सापडली होती ना, मनून. वाट सापडली का मानूस जळेल हात कायले पाह्यते? त्या ड्रायव्हरनं सांगतलं होतं, समोरून टरक आला त. थो हसत हसत सांगत होता, आन् आमी हसलो."

थंडीत एका सकाळी ते अंगणात झाडांना पाणी घालता घालता खाली बसले ते उठले नाहीत. भातकुलीहून सगळे आले, अविनाशराव आले. नसरीन आणि तिचे वडील तिसऱ्या दिवशी आले. वडिलांनी वहिनींसाठी एक सतरंजी आणली होती.

पण मला भाऊ आठवतात ते त्याच्या थोडं आधीचे, दिवाळी उलटून गेल्यावरचे. नवी व्यवस्था लावून झाली होती. लायब्ररी आता एका वेगळ्या लहान यंत्रावर, सर्व्हरच्या बाहेर होती. ती पडली तर एकटी पडणार होती, आणि तिच्याकडून आकडा आला नाही की पडद्यावर आकड्याच्या जागी काळी चौकट येऊन भोंगा वाजणार होता. सर्व्हरच पडला तरी पडद्याला ते स्वतःहून कळेल, असंही त्यांनी केलं होतं. शेवटची तपासणी होती आणि मी लिहिलेली जुनी माहितीपुस्तिका बदलायची म्हणून मीही गेले होते.

भाऊंनी वायरीला हात लावला नाही. ते भिंतीशी उभे राहिले, खिशात हात घालून. थंडी पडू लागली होती तरी खिशात कांदा होता.

"पोरी, तू काढ," ते नसरीनला म्हणाले.

तिनं वायर ओढली. भोंगा एवढा मोठा वाजला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. एक चौकट काळी झाली, बाकीचे फ्रिज हिरवे राहिले आणि त्यांचे आकडे बारीक हलत राहिले.

"झालं, साहेब," नसरीन म्हणाली. ती त्यांच्याशी तेव्हाही तुटकच बोलत असे. "चालते."

भाऊ पडद्याकडे पाहत नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते, जणू आकडा तिच्या चेहऱ्यावर यायचा होता.

"तुले पटलं?"

तिनं काळ्या चौकटीकडे एकदा पाहिलं. "आजच्यापुरतं पटलं."

त्यांनी मान हलवली. तेवढंच बरोबर आहे, असं त्यांना वाटलं असावं. मी कागद आवरू लागले. आमची बस चुकायला आली होती, आणि मी तसं म्हटलंही. ते भिंतीपासून हलले नाहीत.

"लाव," ते नसरीनला म्हणाले. तिनं वायर लावली. चौकटीत आकडा परत आला.

"आता पुन्यांदा काढ."